सरळ शिलाई

"शी! हे कापड आहे का रबर?" लेकीने टेबलावर टाकलेला तुकडा मी दोन बोटांनी उचलला. ओढला की वीतभर लांबायचा, सोडला की निर्लज्जासारखा पुन्हा जागेवर.

"बाबा, सुताबरोबर थोडा ताणणारा धागा विणलेला असतो त्यात. आईचा हात आत जाईल, तेवढं बघा."

जन्मभर मी अंगाचं माप घेऊन कपडे शिवले. आता म्हणे मापाची गरजच नाही, कापडच सांभाळून घेतं. दळभद्री कुठलं! माझी अर्धी गिऱ्हाइकं या ताणणाऱ्या कापडानेच पळवली.

पण आजारपणानंतर बायकोचा उजवा हात वर जात नव्हता, बोटांना बटण धरवत नव्हतं. रोज सकाळी तिचा ब्लाउज मीच चढवायचो. ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

"हात वर कर, हात खाली कर! किळस आलीय मला," ती म्हणाली. "माझं मला घालता येईल असं काहीतरी शिवा हो."

शिवला. नाक मुरडत, बिनबटणांचा, माझ्या नेहमीच्या बारीक सरळ शिलाईने. तिने डोक्यातून घेतला, आखडलेला हात आत रेटला आणि टर्रकन बगलेपासून कमरेपर्यंत उसवला.

"बघ, भिकार कापड!"

"कापडाला काय झालंय? ते ताणलं की. तुमचा दोरा तुटला." तिने तो काढून माझ्या अंगावर फेकला.

खरंच होतं. मला माझीच शिसारी आली. शेवटी समोरच्या टी-शर्ट शिवणाऱ्याकडे गेलो, ज्याचं तोंडही मी बघत नव्हतो.

"काका, याला सरळ टाका? तुम्ही?" मेला दात काढून हसला. "नागमोडी घालायचा, म्हणजे शिवणही ताणते." दात-ओठ खात त्याच्याच मशीनवर शिवून आणला.

सकाळी सवयीने बायकोच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"बाहेर थांबा," म्हणाली आणि दार लोटून घेतलं. आत बराच वेळ धडपड चालली होती. एकदा तिने कापडाला सणसणीत शिवीही हासडली. मग बाहेर आली. ब्लाउज उलटा घातलेला, सगळ्या शिवणी बाहेर. माझे हात आपसूक पुढे झाले.

"हात लावू नका," ती म्हणाली. "माझा मी घातलाय."

दिवसभर ती तसल्या शिवणी मिरवत घरात फिरली. मी शिंपी माणूस, माझ्याने बघवत नव्हतं. पण संध्याकाळी त्याच रबराचा दुसरा ब्लाउज बेतायला घेतला.