तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये

मित्रांनो, चढणं आणि उतरणं याखेरीज मला काही येत नाही. मी एक जुनी लिफ्ट आहे. पाच मजले, चार भिंती आणि दोन लोखंडी रूळ, एवढंच माझं जग. रस्ता कसा असतो ते मी पाहिलेलं नाही. तळमजल्यावर दार उघडलं की काचेपलीकडे थोडं ऊन दिसतं, तेवढंच.

माझे सुटे भाग खोक्यांतून आले होते. पण मला उभं केलं ते एका मिस्त्रींनी. ओळंबा लावून त्यांनी रूळ बसवले, दोर ओढले. कोणत्या मजल्याला डबा नेमका कुठे थांबतो ते कळावं म्हणून दोरांवर पिवळ्या खुणा केल्या. पहिल्यांदा मला चालवल्यावर त्यांनी माझ्या दारावर थाप मारली आणि म्हणाले, "बाई, कुणाचा जीव टांगणीला लावू नकोस म्हणजे झालं."

मी ज्या इमारतीत आहे तिथे लिफ्ट चालवणारे प्रोग्राम तयार होतात. प्रोग्राम म्हणजे आमचा मेंदूच म्हणा ना. नवा प्रोग्राम आला की तो आधी माझ्यावर चालवून बघत. माझ्यात वाळूची पोती भरत, दारात मुद्दाम काठी अडकवत, मध्येच वीज तोडत. मी सगळं सोसायची. "म्हातारी हो म्हणाली, आता खुशाल बाहेर पाठवा," असं साहेब म्हणायचे, तेव्हा ऊर भरून यायचा.

पुढे मिस्त्री निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी याच कार्यालयात इंजिनिअर म्हणून लागली. कार्यालयात सगळे तिला ताई म्हणत, वडील मात्र चिमणीच म्हणत. मग प्रोग्राम लिहायला एआय आलं. ते इतक्या झटपट आणि इतक्या आत्मविश्वासाने लिहायचं, की लोकांनी त्याचं नाव हुशारराव ठेवलं.

सुरुवातीला ताईने त्याला चांगलं शिस्तीत ठेवलं होतं. लिफ्टने काय करायचं आणि काही बिघडलं तर काय करायचं, हे ती आधी साध्या भाषेत कागदावर लिहायची. तो कागद दुसरं कुणीतरी वाचून शंका काढायचं. मग हुशाररावांना एकेक तुकडा लिहायला सांगायचा. तपासणीचे प्रश्न त्या कागदावरून काढायचे, आणि तेही वेगळ्या माणसाने. सगळ्यात शेवटी माझी पाळी.

पण वेळ वाचतो म्हटल्यावर माणसाला आणखी वाचवावासा वाटतो. ताईचे दोन सहकारी दुसऱ्या कामावर गेले. साहेब रोज विचारू लागले, "झालं का?" आधी शंका काढणारं माणूस गेलं, मग कागद गेला. तपासणीचे प्रश्नही हुशाररावच काढू लागले. पेपर त्यांनीच काढायचा, त्यांनीच लिहायचा आणि त्यांनीच तपासायचा! गुण पैकीच्या पैकी पडणार नाहीत तर काय? पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागायची. पोती कोपऱ्यात धूळ खात पडली. नवा प्रोग्राम माझ्यात भरायचे तो नुसता भरायचा म्हणून.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. माझ्या दाराचा खटका झिजला होता. "दार नीट लागलं का?" असं विचारलं की तो "हो" म्हणायचा, पण जरा उशिरा. जुना प्रोग्राम पुन्हा एकदा विचारायचा, म्हणून निभावून जायचं. हे मी कुणाला सांगणार आणि कशी? मित्रांनो, आम्हाला कुणी विचारलं तरच बोलता येतं.

एका दुपारी मिस्त्री आले. मुलगी चष्मा घरीच विसरली होती, तो द्यायला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना जिने चढवत नसत. त्यांनी पाचव्या मजल्याचं बटण दाबलं आणि ओळखीच्या माणसासारखी माझ्या भिंतीवर बोटं फिरवली. तिसरा मजला मागे पडला, आणि त्या भागातली वीज क्षणभर गेली. लगेच परत आली.

अशा वेळी मी हळूहळू जवळच्या मजल्यावर जायचं आणि दार उघडायचं. पण नव्या प्रोग्रामने दाराला एकदाच विचारलं. खटक्याचं उत्तर उशिरा आलं, तोवर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसला, आणि मी प्रोग्रामची. माझी मोटर धडधाकट होती. चौथा मजला माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर होता. पण हुकूम नाही तर हलता येत नाही. ज्यांनी मला उभं केलं, तेच माझ्या पोटात कोंडले गेले होते.

मिस्त्रींनी मदतीचं बटण दाबलं. पाचव्या मजल्यावर वाजलेला फोन ताईने उचलला.

"चिमणे, मी लिफ्टमध्ये अडकलोय."

"बाबा? तुम्ही? थांबा, थांबा, आत्ता बघते!"

मग तिच्या बोटांची धावपळ मला ऐकू येत राहिली. तिने हुशाररावांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी माफी मागून दुरुस्ती दिली आणि झालं म्हणाले. मी हलले नाही. त्यांनी दुसरी दिली. पुन्हा "झालं" म्हणाले. मी तिथेच. तिसऱ्या दुरुस्तीने तर माझा पंखाच बंद पडला. आता आत हवा कोंडू लागली. मिस्त्रींना उभं राहवेना, ते भिंतीला टेकून खाली बसले. शर्ट घामाने भिजला. अर्धा तास झाला होता.

"बाबा, आणखी एकच उपाय करून बघते," ताई रडकुंडीला आली होती.

"नको," मिस्त्री म्हणाले. "हात काढ त्याच्यावरून. रोगी कुठे दुखतंय ते सांगायच्या आधी तू औषधं पाजतेयस. वीज आल्यावर हिने काय करायला हवं होतं? सांग मला."

"हळू... हळू जवळच्या मजल्यावर जायचं. दार उघडायचं."

"आणि दाराने उत्तरच दिलं नाही तर?"

तिने कीबोर्ड बाजूला सारल्याचा आवाज आला.

"ते मी लिहिलंच नव्हतं, बाबा."

"बरं. ते नंतर लिही. आधी मला काढ. वॉचमनला घेऊन गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जा. सगळ्यात आधी मेन स्विच बंद. मोठ्याने म्हण."

"मेन स्विच बंद."

"भिंतीवर मोटरचं हातचाक टांगलंय, ते बसव. वॉचमनने ते दोन्ही हातांनी धरायचं. मग तू ब्रेकचा दांडा हळूच उचल. आत मी एकटाच आहे, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन डब्यापेक्षा जड. डबा आपोआप वर सरकेल, पण घाई करायची नाही. पिवळी खूण जुळली की ब्रेक सोड."

त्यांनी सांगितलेलं सगळं पुन्हा म्हणून दाखवून ती गेली. मग वर ब्रेक उचलल्याचा आवाज झाला आणि मी वीतभर सरकले. थांबले. पुन्हा वीतभर. असं कुणी मला हाताने नेल्याला कित्येक वर्षं झाली होती. खूण जुळली, दार किल्लीने उघडलं. वॉचमनने मिस्त्रींना काखेत हात घालून उठवलं. ताई धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. त्यांनी खिशातून चष्मा काढून तिच्या हातावर ठेवला.

"आता नीट बघ," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात साहेब आले. हाच प्रोग्राम दुसऱ्या दिवशी सकाळी एका रुग्णालयाच्या आठ लिफ्टमध्ये जायचा होता.

"दुरुस्त झालं ना? उद्याची तारीख दिलीय आपण."

"नाही साहेब. उद्या जाणार नाही."

"अगं, पण तारीख?"

"लिफ्ट अडकण्यापेक्षा तारीख अडकलेली बरी. आज माझे बाबा होते, ते बसून राहू शकले. तिथे स्ट्रेचरवरचा माणूस असेल."

साहेबांनी माझ्या उघड्या दारातून आत पाहिलं. मग म्हणाले, "किती दिवस?"

नऊ दिवस लागले. कागद पुन्हा आला. तो वाचायला एक सहकारी परत मिळाला, आणि त्याने दारावरच अकरा शंका काढल्या. दाराने उशिरा उत्तर दिलं तर? दिलंच नाही तर? खोटं दिलं तर? लिहिलं हुशाररावांनीच, आणि चांगलं लिहिलं. नीट विचारलं तर ते कामाचे आहेत. तपासणी मात्र दुसऱ्याने केली. शेवटी ताई एकटी माझ्यात शिरली. तिसरा मजला गेल्यावर वर कुणीतरी वीज तोडली. अंधारात तिचा श्वास मला ऐकू येत होता. वीज आली. खटका उशिरा बोलला. मला पुन्हा विचारण्यात आलं. मी हळूहळू चौथ्यावर गेले आणि दार उघडलं. ती बाहेर पडली नाही.

"पुन्हा," ती म्हणाली. त्या दिवशी आम्ही वीस वेळा अडकलो आणि वीस वेळा सुटलो.

माझा झिजलेला खटका त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला आहे. म्हणजे मला सुटका नाही. दर नव्या प्रोग्रामला मी अंधारात लटकते, आणि खरं सांगायचं तर भीती अजून वाटते. माझी तक्रार नाही. दुसऱ्या कुणी लटकू नये म्हणून कुणीतरी लटकायला हवं.

मात्र एक विनंती आहे. मित्रांनो, आम्ही यंत्रं "झालं" म्हणायला फार लवकर शिकतो. "कशावरून?" हे तुम्ही विचारायचं असतं. कामाआधी विचारा, कामानंतर विचारा, आणि ज्याने काम केलं त्याला सोडून दुसऱ्यालाही विचारा. कंटाळा करू नका. विचारायचं राहून गेलं, की आत कुणीतरी राहून जातं.