स्मृतिबनातला रडका कदंब

आंबेखिंडीच्या स्मृतिबनात सकाळी आठालाच दीडशे माणसं तांबे, बाटल्या, स्टीलचे डबे घेऊन रांगेत उभी होती. पार विट्याहून गाड्या आल्या होत्या. कदंबाच्या बेचक्यातून पाणी टिपटिप गळत होतं. खाली एक महाराज बसले होते. ते कुठून उगवले, कुणालाच ठाऊक नव्हतं. डोळे मिटून ते सांगत होते, "जवानाचा आत्मा रडतोय. हे पाणी नव्हे, अमृत आहे. साखर उतरेल, सांधे सुटतील, कोर्टातली केससुद्धा निकाली निघेल." ती कुणाच्या बाजूनं निघेल, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

तो जवान म्हणजे दीपमालाचा नवरा, अर्जुना. चार वर्षांपूर्वी लडाखकडे बर्फाखाली गेला. त्याची रक्षा कृष्णेत न सोडता कदंबाच्या खड्ड्यात घातली होती, कारण गावाची रीतच तशी होती.

ही रीत चिंतामण गुरुजींनी पाडली. पूर्वी स्मशानाच्या या उतारावर बाभळी, फुटकी मडकी आणि भुताच्या गप्पा, एवढंच होतं. राखेनं नदी घाण करू नका, माणसामागं झाड लावा, असं गुरुजी पंचवीस वर्षं घरोघर सांगत फिरले. लोक आधी हसले, मग एकेक जण खड्डा खणू लागला. आता तिथं चारशे झाडं, दगडी पायवाटा, कमळांचं तळं आणि प्रत्येक बुंध्याशी नावाची पाटी आहे. लग्न ठरलेली जोडपी सातारा-सांगलीहून फोटो काढायला या स्मशानात येतात, म्हणजे बघा.

दीपमालाची सासू बनुबाई दिवसभर झाडाखालीच बसायची आणि ओंजळीनं ते पाणी प्यायची. लेक औषध देतोय, मग सुई कशाला टोचून घेऊ, असं म्हणत तिनं तीन आठवड्यांपासून इन्सुलिन बंद केलं होतं. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडू लागली होती. साखर लगेच आवरली नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दीपमाला समजावून थकली, रडली, भांडलीसुद्धा. शेवटी ती गुरुजींकडे गेली. शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकली होती ती. गुरुजी नुसते म्हणाले की श्रद्धेला एकदम धक्का देऊ नये, थोडे दिवस जाऊ देत. त्यांचं वय झालं असेल, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

दर गुरुवारसारखा याही गुरुवारी कदंब कोरडा ठणठणीत होता. आता रविवारपर्यंत आत्म्याचं दिवसा मौन आणि रात्री विलाप, असं महाराजांनी नेहमीसारखं जाहीर केलं. लोकांनी माना डोलावल्या. दीपमाला उसाला पाणी पाजायला मोटार लावायला गेली, तर लाईट नव्हती. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं. शेतीच्या मोटारींची थ्री फेज वीज सोमवार ते बुधवार दिवसा, गुरुवार ते रविवार रात्री. हे वेळापत्रक गावातल्या पोरासोरांना पाठ, रडण्याचंही पाठ. दोन्ही शेजारी ठेवून कुणी बघितलं नव्हतं.

"आत्म्याला थ्री फेज लागती व्हय?" ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, बनात कुणी यायच्या आधी, तिनं विळ्यानं कदंबाची मागची बाजू खरवडली. मेण आणि लाल मातीचा लेप निघाला. त्याखाली काडीएवढी काळी नळी होती, तिच्या उसात ठिबक सिंचनाला आहे तशीच. बुंध्यावरून ती मातीत शिरली होती. उकरत उकरत दीपमाला बनाच्या अवजारांच्या खोलीपाशी पोचली; तळ्याला पाणी देणारी मोटार तिथंच होती. त्या खोलीची किल्ली एकच होती, गुरुजींच्या कमरेला. किल्ली महाराजांकडे असती तर तिला हायसं वाटलं असतं.

गुरुजी आले. उकरलेली माती बघून त्यांनी काहीच नाकारलं नाही, सगळं सांगून टाकलं. पंचायतीनं बन मोडून मंगल कार्यालय बांधायचा ठराव केला होता. ते महिनाभर सगळ्यांच्या हातापाया पडले, पण कुणी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी ही नळी बसवली. झाड रडलं आणि आठवड्यात पंचायतीनं ठराव मागं घेतला. महाराज मात्र त्यांचा नव्हता. गुळाला माशी लागावी तसा आपोआप आला होता.

"चारशे झाडं हुती. माझाच नवरा गावला व्हय तुमाला?"

"जवानाच्या झाडाला कुणी हात लावणार नाही, म्हणून."

"आनि आत्याचा पाय?"

"मला वाटलं, नुसतं पाणीच तर आहे," गुरुजी खाली बघून म्हणाले आणि त्यांनी किल्ली काढून दिली.

दिवसाची वीज सोमवारीच येणार होती, तोवर थांबायला वेळ नव्हता. दीपमालानं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरचा फवारणीचा पंप त्या नळीला जोडला आणि बनात जमलेल्या सगळ्यांसमोर चालू केला. कदंब रडू लागला. तिनं पंप बंद केला, रडणं थांबलं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेपर्यंत महाराजांची सतरंजी रिकामी झाली होती.

बनुबाई नळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंजी माझा अर्जुना रडला न्हाई?"

"न्हाई, आत्या."

म्हातारी गुरुजींकडे वळली. "गुरुजी, तुमचं ऐकून लेकाची राख हितं घातली. नदीत सोडली आसती तर बरं झालं आसतं. नदीनं मला फसवलं नसतं."

त्याच दुपारी तिनं सुई टोचून घेतली. अंगठा गेला, पाय वाचला.

अनोळखी बुवाला खोटं पाडणं सोपं असतं. ज्यांच्या आपण पाया पडतो त्यांना प्रश्न विचारताना जीभ अडखळते, आणि घात तिथंच होतो. चांगल्या कामासाठी केलेली बुवाबाजीही बुवाबाजीच. तिचं मोल भोळ्या माणसांनाच मोजावं लागतं. म्हणून कुणीही सांगो, पाणी कुठून येतंय ते आधी बघा, आणि मगच ओंजळ पुढं करा.