ओळीखालची पट्टी

"ओळ एवढी लांब ठेवू नकोस, पोरी. डोळा वाट चुकतो," असं वडील म्हणाले, तेव्हा तिच्या कडेवर लेक होती आणि खांद्याशी दाबून धरलेला ऑफिसचा फोन.

"बाबा, तुमच्या छापखान्याला कुलूप लागून पंधरा वर्षं झाली. आता खिळे जुळवत नाही कोणी."

"खिळे गेले गं. डोळे तेच आहेत ना!"

तिने हसण्यावारी नेलं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात वडिलांची उभी हयात गेली होती, आणि आता काचबिंदूमुळे त्यांना नळीतून पाहावं तसं दिसायचं. मधलं तेवढं स्पष्ट, कडेचं सगळं काळं.

ती एका इस्पितळाची वेबपानं सांभाळायची. घरी गेलेल्या रुग्णाने कोणती गोळी कधी, किती घ्यायची, हे त्यातल्या एका पानावर असे. तिथे एक बटण होतं. ते दाबलं की वाचणाऱ्याला मजकुराचा रकाना हवा तेवढा अरुंद करता यायचा. नव्या मांडणीत तिने ते काढून टाकलं. "शंभरातले दोघं वापरतात," ती बैठकीत म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दोघांतले एक आपल्याच घरात, आतल्या खोलीत बसतात, हे तिच्या गावीही नव्हतं. उलट वडिलांची सोय म्हणून तिने भला मोठा स्क्रीन आणून दिला. ओळी आणखी लांबल्या.

तशी ती डोळ्यांत तेल घालून घर राखणारी. लेक रांगायला लागल्यापासून टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज, प्लगच्या भोकांना झाकणं. "आता माझ्या नाकालाही एक स्पंज लाव," नवरा चिडवायचा. स्क्रीनवरचे चरेही तिच्या नजरेतून सुटले नाहीत.

"बाबा, हे ओरखडे कसले? एकाखाली एक?"

"पट्टी धरतो ओळीखाली. छापखान्यातली, स्टीलची."

"अहो, काच खराब होते! नातीला शिकवू की तुम्हाला?"

"बरं बाई, नाही टेकवत."

आणि खरंच, त्यानंतर ते पट्टी काचेपासून बोटभर लांब, अधांतरी धरू लागले. हात थरथरायचा. तिने तेही पाहिलं, आणि काच वाचली म्हणून निर्धास्त झाली.

मग त्याच इस्पितळातल्या तपासणीत डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या; नवी यादी त्या पानावर आली. "माझ्या गोळ्या माझा मी घेईन, तू पोरीकडे बघ," वडील म्हणाले. दहाव्या दिवशी सकाळी नातीला घास भरवताना त्यांच्या हातातला चमचा गळला. तोंड वाकडं झालं. शब्द फुटेना.

"मेंदूत रक्तस्राव," डॉक्टर म्हणाले. "रक्त पातळ ठेवणारी गोळी किती घेत होते?"

"अर्धी," ती ठामपणे म्हणाली.

डॉक्टरांनी रिपोर्टवरून मान वर केली. "अर्धीने एवढं होत नाही."

घरी येऊन तिने गोळ्यांची पाकिटं मोजली; हिशेबापेक्षा कितीतरी जास्त संपल्या होत्या. मग स्क्रीन लावला, कागदाची सुरळी एका डोळ्याला धरली, दुसरा मिटला. पट्टी तशीच अधांतरी. 'रक्त पातळ ठेवणारी गोळी' या शब्दांपासून तिने वाचायला घेतलं आणि सरकत सरकत ओळीच्या शेवटाला पोचली. तिथे लिहिलं होतं, 'दोन'. तो आकडा खालच्या ओळीतल्या, पोटाच्या गोळीचा होता. हात कधी ढळला, तिला कळलंही नाही.

आज इस्पितळातला सतरावा दिवस. वडील तिच्याकडे बघतात. ओळखतात की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. तिने बटण परत बसवलं. कोणाला विचारलं नाही. त्याच्या खाली चार ओळी लिहिल्या, त्याही आखूड:

'हे पान तुमच्या घरात कोणी
एकटं बसून वाचत असेल, तर आत्ता उठा.
गोळी किती घेता, एवढंच विचारू नका.
शेजारी बसा. त्यांच्या तोंडून वाचून घ्या, शेवटच्या शब्दापर्यंत.'