एकोणिसाव्या दिवसाचा पाऊस

हे झालं दोन हजार तेवीस साली. त्या वर्षी अधिक महिना श्रावणात आला होता, म्हणून श्रावण दोन. पहिल्या श्रावणाचे तीन आठवडे पावसानं रानं धुऊन काढली आणि मग जो गेला तो गेलाच. दुसरा श्रावण लागून आठ दिवस झाले तरी हिंगोली जिल्ह्यातल्या कवडदरीच्या शिवारात थेंब नव्हता. सोयाबीन ऐन शेंगा भरायला आलेलं. दुपारी पानं अशी मिटायची, की लांबून रान विटलेल्या लुगड्यासारखं दिसायचं.

पार्वतीबाईला पाऊस मोजायची जुनी खोड. तिचे सासरे खुरप्यानं माती उकरून ओल बोटांनी मोजायचे. चार बोटं भरली की पेरणी काढायची, त्याआधी कुणी कितीही घाई करो. सासरे गेले, मालक संतरामही गेले, पण बाईचं खुरपं सुटलं नाही. आता गोरेगावच्या रस्त्याला लागून तिचं जे सपाट रान होतं, त्याच्या कोपऱ्यात तारेच्या कुंपणात एक पांढरा खांब उभा होता. त्यावर पत्र्याचं उघड्या तोंडाचं भांडं. आसपासच्या अकरा गावांचा पाऊस ते मशीन मोजायचं, आणि ते सांगेल त्यावर अकरा गावांचा पीकविमा ठरायचा. जागेचं थोडंसं भाडं मिळायचं, पण बाईला भाड्यापेक्षा मान मोठा वाटायचा. जाणारा-येणारा विचारायचा, मशीन काय म्हणतंय. ती म्हणायची, "माझ्यावानीच हाये. बोलत न्हाई, ध्यानात ठिवतं."

विम्याचा नियम असा होता, की सलग एकवीस दिवस कोरडे गेले तर नुकसानीचे काही पैसे आगाऊ मिळतील. त्यामुळे गाव दिवस मोजत होतं. पारावर, पिठाच्या गिरणीत, जीपमध्ये, जिथं तिथं तेच. आज पंधरावा, आज सोळावा. ढग आला की माणसं वर बघायची आणि तो पडावा की पुढं जावा हे त्यांचं त्यांनाच कळायचं नाही. पार्वतीबाईनं बाहत्तर सालचा दुष्काळ पाहिला होता, अकरा वर्षांची असताना खडी फोडली होती. पण तेव्हा लोक नुसती पावसाची वाट पाहायचे. पाऊस पाहिजे आणि चार दिवस नकोही, असली वाट तिनं कधी पाहिली नव्हती.

तिच्या बांधाला लागून जलालुद्दीनचं अडीच एकर. संतराम असताना दोघांत सावड होती. याच्याकडे एक बैल, त्याच्याकडे एक, दोन्ही मिळून औत. आज याचं रान, उद्या त्याचं. चाळीस वर्षांत कुणी कुणाला दिवस मोजून दाखवले नाहीत. मग ट्रॅक्टर आले, बैल गेले. पार्वतीबाईच्या लेकानं, माऊलीनं बोअर पाडला, अनुदानातून तुषारचा संच आणला. योजना सगळ्यांसाठी होती. फक्त आधी पदरचे पैसे घालायचे, अनुदान मागून यायचं, आणि अर्जाला विहीर किंवा बोअर दाखवावा लागायचा. जलालुद्दीनकडे ना पदर भरलेला, ना पाणी. विम्याचे पैसे आले की उन्हाळ्यात बोअर पाडायचा, मग पुढच्या साली पाइप, असा त्याचा बेत होता. बायको हलीमाला त्यानं तो इतक्यांदा सांगितला होता, की ती म्हणायची, आधी पाणी लागू द्या, मग पाइपाचा रंग ठरवू.

एकोणिसाव्या दिवशी माऊली औषध आणायला सेनगावला गेला होता. दिवसाची लाइट होती, बोअर चालू होता. पार्वतीबाईनं पाहिलं, जलालुद्दीन बांधावर बसून सोयाबीनचं एक झाड हातात घेऊन शेंगा दाबून पाहत होता. सगळ्या चपट्या. तिनं हाक मारून सांगितलं, पाइप तुमच्याकडं फिरवून घ्या, आमचं रान भिजलंय.

तो उठला, पण मशीनकडे पाहून थांबला. "वैनी, मशीन जवळ हाये. वारं बी तिकडंच हाये."

"ते काय आंधळं हाये व्हय?" पार्वतीबाई हसली. "मुंबईपस्तोर बोलतंय म्हणं ते. ढगाचं पाणी कोन्तं आन् बोअरचं कोन्तं, एवढं कळत आसंलच की त्याला."

तोही हसला. दोघांनी मिळून पाइप ओढले. कॉक तिनंच फिरवला. तीन तास पाणी चाललं. संध्याकाळी पानं उघडली तेव्हा तिला संतरामची फार आठवण आली.

पाऊस परतला तो पोळ्याच्या आठ दिवस आधी. तोवर एकवीस सोडा, कितीतरी जास्त दिवस झाले होते. मग आगाऊ पैशांची यादी लागली आणि तिच्यात हे अकरा गावांचं मंडळ नव्हतं.

ग्रामपंचायतीपुढं विमा कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. त्यानं सांगितलं, की एकोणिसाव्या दिवशी दुपारी मशीननं साडेसहा मिलिमीटर पाऊस नोंदवला आहे, त्यामुळे खंड तिथं तुटला. लोक आधी हसले. शेजारच्या तांड्यावरचा धर्मसिंग म्हणाला, तो पाऊस कोणाच्या घरावर पडला त्यानं हात वर करा. मग तो माणूस म्हणाला, मशीनवर कुणी पाणी मारलं असेल तर तो गुन्हा आहे आणि आधी जागामालकाला विचारलं जाईल. हसणं थांबलं. धर्मसिंग सावकाश म्हणाला, की त्या दिवशी जीपमधून येताना तिकडं तुषार चालू दिसला होता.

माऊली ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं आईकडं पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून.

तेवढ्यात जलालुद्दीन उठला. "पाइप मी वढले. वैनी बाजाराला गेल्त्या. त्यांना इचारलं न्हाई."

पार्वतीबाईच्या ओठावर तीनच शब्द होते. मीच म्हणलं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण लेकाची मान, गुन्ह्याचं नाव, मशीनचा मान, सगळं एकदम आडवं आलं आणि तिनं पदर तोंडावर घेतला. कुणी तिला विचारलंच नाही. ही सबब तिनं पुढं पुष्कळ दिवस जपून ठेवली.

पंचनामा झाला. गुन्हा काही नोंदला नाही. पण आकडा वर गेला तो गेला, खाली येत नाही, असं कचेरीत सांगितलं. अकरा गावांना काही मिळालं नाही. जलालुद्दीनला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त मळणी यंत्र सगळ्यांकडं फिरलं आणि त्याच्याकडं शेवटी आलं, तोवर त्याची गंजी दोनदा भिजून काळी पडली होती. पारावर त्याच्या जातकुळीवरून असे शब्द निघाले, जे पार्वतीबाईनं त्या गावात पन्नास वर्षांत ऐकले नव्हते. तिथंही ती काही बोलली नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी ती त्याच्या घरी गेली. हलीमानं चटई टाकली. पार्वतीबाई म्हणाली, "जलालभाऊ, मी बोलाया पायजे होतं."

त्यानं बशीत चहा ओतून तिच्यापुढं सरकवला. "त्या वक्ताला बोलल्या असत्या तं बराबर होतं, वैनी. आता चहा घ्या."

धर्मसिंग त्याच साली बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला. आता दरवर्षी जातो, त्याचं चार एकर बटाईनं आहे. जलालुद्दीननं एक साल रान पडीक ठेवलं, मग विकलं. घेणारा माऊलीच निघाला, कारण लागून होतं आणि दुसरं कुणी योग्य भाव देत नव्हतं. हिंगोलीत फहीमचं, म्हणजे त्याच्या लेकाचं, पंक्चरचं दुकान आहे. जलालुद्दीन तिथं टायर पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत बसतो. हलीमा गुडघ्यांनी अंथरुणाला लागली. पाइपाचा रंग काही ठरला नाही. दोन वर्षांनी विम्याचे नियम बदलले आणि कोरडे दिवस मोजायचं कारणच उरलं नाही.

मशीन अजून उभं आहे. माऊलीचे पाइप आता बांधापलीकडच्या रानातही फिरतात, वारा पाहून. पार्वतीबाई पासष्टीला टेकली. नजर कमी झाली, पण खुरपं हातात असतं. माऊली विचारतो, आई, ओल किती हाये? ती जुन्या रानातली माती उकरून बोटं सांगते. नव्या रानातली सांगत नाही. तिथं ती गेलेलीच नाही.