सतरा नंबरची हजेरी

बस सुटून वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. शेवटच्या सीटवर तोंडावर टोपी ओढून झोपलेलं कोणीतरी जांभई देत उठून बसलं. त्याने टोपी मागे सारली, आणि वर्गात जिला रेडिओ म्हणत ती मुलगी पुढच्या सीटवरून मागे बघता बघता दचकली. ती तिची मैत्रीण मनी नव्हती. तो वर्गातला जाड्या होता.

एजंटने सहलीसाठी भाड्याने आणून दिलेली नारिंगी जॅकेटं सगळ्यांची सारखीच होती. टोपी ओढून घेतली की एकतीस जणांत बाई कोण आणि बाप्या कोण तेही कळत नसे. तरी शेवटची ती सीट इंजिनाच्या वर होती, म्हणून बसमधली सगळ्यात गरम. पहिल्या दिवसापासून तिथे मनीच बसायची. रेडिओला गाडी लागायची, म्हणून ती पुढे ड्रायव्हरच्या मागे बसायची. कारखान्यातून निघताना तिने एकदा मान वळवून मागे पाहिलं होतं. शेवटच्या सीटवर नारिंगी गाठोडं दिसलं आणि ती निश्चिंत झाली होती.

ती आता उठून मागे गेली. जाड्याला विचारलं, मनी कुठे आहे.

"पुढे नाही का तुझ्याजवळ?" जाड्या डोळे चोळत म्हणाला. "मला सीट रिकामी दिसली, मी झोपलो. आता ती भांडायला येणार होय?"

रेडिओने एकेका सीटवर वाकून पाहिलं. टोप्या, मफलर, झोपलेले चेहरे. स्वतःला धरून तीस. पुन्हा मोजले. तीसच.

रेडिओला रेडिओ म्हणत, कारण ती कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची. प्राचार्यांचा, शिपायाचा, वर्गातल्या कुरकुरणाऱ्या पंख्याचासुद्धा. आणि मनीला मनी म्हणत, कारण तिला मांजरासारखी ऊब सापडायची. ग्रंथालयाच्या कोणत्या खिडकीत दुपारी ऊन येतं, प्रयोगशाळेतल्या कोणत्या मशीनची पाठ गरम असते, सगळं तिला तोंडपाठ. एकदा अशी जागा धरली की तिथून उठून तासाला यायचं तिच्या अगदी जिवावर यायचं. मग सरांनी हजेरीत "सतरा" म्हटलं की रेडिओ आवाज जरासा जाड करून, शेवट किंचित ओढून "हजर सर" म्हणायची, आणि लगेच आपल्या अठराव्या नंबराला आपल्या आवाजात. दोन वर्षं हे चाललं होतं. एकदाही पकडली गेली नव्हती.

इमारती बांधायचं शिक्षण घेणारा त्यांचा वर्ग. थंड देशात लाकडाची घरं कशी उभी करतात ते पाहायला सर त्यांना इतक्या लांब घेऊन आले होते. आजचा कारखाना घरांच्या तयार भिंती बनवायचा. तो बघून झाला आणि बसमध्ये चढायच्या वेळी मनीने खिसे चाचपले. एक हातमोजा नव्हता.

"कापायच्या मशीनजवळ राहिला असेल. दोन मिनिटांत आले. सरांनी हजेरी सुरू केली तर माझं बोल."

रेडिओने मान डोलावली. त्यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलंच नाही.

सर चढले तेव्हा त्यांचा चष्मा पांढरा झाला होता. बाहेरून गारठून आलेल्या काचेला बसमधली गरम, दमट हवा लागली की तिच्यावर वाफ धरते. सरांना समोरचं माणूस दिसत नव्हतं. पण यादी त्यांना पाठ होती, आणि बाहेर उभं राहून पाय बधिर झालेल्या पोरांना लवकर निघायचं होतं. त्यांनी तसेच आकडे म्हटले. सोळा, हजर. सतरा. रेडिओने तोंड थोडं मागे वळवून मनीचा आवाज लावला. मागचं दार फुस्स करून बंद झालं आणि तिला वाटलं, आली बाई.

आता तिने मनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजातली बाई न समजणाऱ्या भाषेत काहीतरी सांगत राहिली. अशा थंडीत फोनची बॅटरी अर्धी असली तरी बघता बघता मान टाकते. सकाळपासून तिघाचौघांचे फोन असे बंद पडले होते. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पाटीवर बाहेरचं तापमान दिसत होतं. उणे सोळा. दुपारचे सव्वादोन वाजले होते आणि सूर्य झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली आला होता. इथे साडेतीनला अंधारून यायचं.

निघताना विमानतळावर मनीच्या वडिलांनी रेडिओला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की ही आपल्याच नादात असते, तू जरा लक्ष ठेव. रेडिओ म्हणाली होती, काका, तुम्ही घोर करू नका. या सहलीला आधी कोणी तयार नव्हतं. सरांनी घरोघरी जाऊन आईवडिलांना समजावलं होतं, की पोरं माझ्या जबाबदारीवर आहेत.

आणि मग तिच्या मनात दुसराच विचार आला. गप्प बसलं तर? पुढे डिझेलसाठी बस थांबेल, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात येईलच. हजर कोण म्हणालं होतं, हे कोणाला कळणार? हा विचार आला, हे खरं. तो किती वेळ टिकला हेही सांगायला हवं. बस तेव्हा गोठलेल्या नदीवरच्या एका लांब पुलावरून चालली होती. पुलाच्या या टोकाला तो आला आणि त्या टोकाला पोचेपर्यंत राहिला. मग ती सरांजवळ जाऊन उभी राहिली.

"सर, मनी बसमध्ये नाही."

सरांनी मांडीवरची यादी उचलली. "सतरा नंबर हजर आहे."

"ते मी म्हटलं होतं."

सरांनी यादी खाली ठेवली. आता ओरडतील म्हणून रेडिओने खांदे आवळून घेतले. पण सर ओरडले नाहीत. तोंडी परीक्षेला बसल्यासारखे त्यांनी तीनच प्रश्न विचारले आणि प्रत्येकाचं उत्तर पुरं होऊ दिलं. शेवटची कुठे दिसली. तेव्हा किती वाजले होते. अंगावर काय काय होतं. मग ते ड्रायव्हरकडे गेले.

ड्रायव्हरला त्यांची भाषा येत नव्हती, सरांना त्याची जेमतेम. तरी त्याला सगळं एका क्षणात कळलं. पण रस्त्याच्या मधोमध लोखंडी कठडा होता, आणि बस वळवायची जागा अजून अकरा किलोमीटर पुढे होती. म्हणजे वाचवायला जायचं तर आधी अकरा किलोमीटर तिच्यापासून लांब जायचं. त्याने कारखान्यात फोन लावला. घंटी वाजत राहिली. शुक्रवारी कारखाना लवकर बंद होतो, बस निघायच्या सुमारासच सगळे आपापल्या गाडीत बसून घरी गेले असणार. मग त्याने मदतीच्या नंबरावर कळवलं. मदतीची गाडी निघाली, पण ती दुसऱ्या गावातून यायची होती. आपणच आधी पोचू, असं तो म्हणाला.

बसमध्ये आता सगळ्यांना कळलं होतं. सहलीला सरांबरोबर आलेल्या तरुण मॅडम सरांच्या जागी बसून पुन्हापुन्हा मनीचा नंबर लावत होत्या. रेडिओला आठवत होता पावसाळ्यातला एक तास. सरांनी फळ्यावर माणूस काढला होता आणि त्याच्या अंगातून ऊब कुठून कशी निघून जाते त्याचे बाण काढले होते. वाऱ्यात उभं राहिलं तर किती, ओल्या कपड्यांत किती, जमिनीवर बसलं तर किती. त्या दिवशीही सतरा नंबर हजर होता.

बस वळली तेव्हा सर येऊन तिच्या शेजारी बसले.

"तू दोन वर्षं तिचा आवाज काढतेस, हे मला माहीत आहे."

रेडिओने मान वर केली.

"मुलगी हुशार, पास होत होती. मी सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला गंमत वाटायची. तिचा आवाज तू तिच्यापेक्षा चांगला काढतेस. आज डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि माझ्या कानाला सतरा नंबरचा आवाज म्हणून तुझाच ठाऊक झालेला." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "हे आपण दोघांनी मिळून केलंय. त्याचं काय ते नंतर बघू. रडू नकोस, विचार कर. तिथे कोणी नाही, दार बंद, बस गेलेली. मी काय केलं असतं ते सोड. ती काय करेल?"

कारखान्याशी पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते. मैदान रिकामं, खिडक्या काळ्या, फाटक उघडं. सरांनी कुणालाही खाली उतरू दिलं नाही. एक हरवली तेवढी पुरे, असं म्हणून मॅडमना दारात उभं केलं आणि ड्रायव्हरला व रेडिओला घेऊन ते उतरले. गारठ्याने नाकातले केस चुरचुरले.

बर्फावर पावलं होती. मागच्या बाजूच्या एका दारापासून ती निघाली होती. ते दार आतून ढकललं तर उघडायचं आणि आपोआप बंद व्हायचं, बाहेरून त्याला साधी मूठही नव्हती. हातमोजा शोधून झाल्यावर मनी घाईत जवळच्या दाराने बाहेर पडली असणार आणि लांबलचक इमारतीला वळसा घालून पुढे येईपर्यंत बस गेली असणार. पावलं फाटकापर्यंत आली होती. फाटकापाशी बर्फ तुडवलेला होता, बराच वेळ कोणीतरी उभं असावं तसा. तिथून थोडी रस्त्याच्या कडेने गेलेली दिसली. पुढे, आणि इमारतीच्या दुसऱ्या बाजूलाही, वाऱ्याने सगळं पुसून टाकलं होतं.

ड्रायव्हरने रस्त्याकडे हात केला. तीन किलोमीटरवर पेट्रोलपंप आहे, ती तिकडेच गेली, चला, वेळ घालवू नका. तो पाठ वळवून बसकडे निघालासुद्धा.

सरांनी रेडिओकडे पाहिलं.

तीन किलोमीटर जायचं, तिथे नसली तर परत यायचं. तोवर अंधार. किंवा इथेच शोधायचं, आणि ती रस्त्यात कुठेतरी पडलेली असली तर? रेडिओने डोळे मिटले. सकाळी मिस्त्रीने कारखाना दाखवताना ओली लाकडं वाळवायची मोठी खोली दाखवली होती. तिचा हीटर सुट्टीच्या दिवशीही बंद करत नाहीत, असं तो अभिमानाने सांगत होता. भिंतीतल्या नळीतून ओली गरम हवा सारखी बाहेर सोडतात. तेव्हा मनी तिच्या कानाशी कुजबुजली होती, "ही आपली जागा."

"ती रस्त्याने थोडी जाऊन परत आली असणार," रेडिओ म्हणाली. "वारं लागल्यावर ती पुढे जाणारच नाही. ती मागे आहे सर. लाकडं वाळवतात तिथे."

"नक्की?"

"नाही. पण ती मनी आहे."

सरांनी ड्रायव्हरला हाक मारून थांबवलं आणि गुडघाभर बर्फातून ते इमारतीच्या मागे निघाले. लाकडांच्या थप्प्या एकीमागून एक ओलांडल्या. शेवटच्या थप्पीच्या पलीकडे भिंतीतून वाफेचा जाड पट्टा बाहेर पडत होता. त्याच्याखाली बर्फ वितळून अर्धगोल काळी जमीन उघडी झाली होती. तिथे दोन फळ्या टाकून, भिंतीला पाठ लावून, नारिंगी जॅकेटचं एक मुटकुळं बसलं होतं. हलत नव्हतं.

रेडिओने हाक मारली. ती धडपडत पुढे गेली, टोपी मागे ओढली. मनीच्या पापण्यांवर पांढरे कण होते. एक पापणी उघडली, मग दुसरी.

"किती वेळ लावलात," मनी म्हणाली. ओठ जड झाल्यामुळे शब्द सावकाश येत होते.

हातमोजा न सापडलेला हात तिने जॅकेटच्या आत घालून ठेवला होता. बाहेर काढला तेव्हा दोन बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी दिसली. रेडिओ ती चोळायला लागणार, तोच सरांनी तिचं मनगट धरलं. गोठलेलं बोट चोळलं तर आतलं मांस फाटतं, ऊब हळूहळूच द्यायची असते. त्यांनी मनीचा हात आपल्या कोटाच्या आत, काखेत धरला.

मनी रेडिओकडे बघत होती. "तू माझं बोललीस ना?"

"बोलले."

"मग बस कशी थांबणार," मनी म्हणाली. ती रागावली नव्हती. गणिताचं उत्तर जुळलं, एवढंच तिच्या बोलण्यात होतं. रेडिओला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

मदतीची गाडी आली. तिच्यातल्या नर्सने बोटं पाहिली, मऊ पट्टी बांधली, मनीला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं. बोटं वाचतील, असं ती म्हणाली. एकाची टोकाची कातडी जाईल, आणि पुढे कित्येक वर्षं थंडीत तिथे ठणकेल. गावातल्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. ड्रायव्हर बस घेऊन मागून निघणार होता. मनी हट्टाने पाच मिनिटं आपल्या गरम जागेवर बसायला बसमध्ये आली, जाड्याने गुपचूप उठून तिला शेवटची सीट दिली.

सर चढले. त्यांचा चष्मा पुन्हा पांढरा झाला. या वेळी त्यांनी तो काढला, रुमालाने पुसला, घातला, पुन्हा पुसला आणि काच स्वच्छ होईपर्यंत थांबून राहिले. मग यादी घेऊन ते एकेका सीटपाशी जाऊ लागले. आकडा म्हणायचे, टोपी मागे करायला लावायचे, तोंड बघायचे. कोणी हसलं नाही.

"सतरा."

मनीचे दात अजून वाजत होते. तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. सर उभेच राहिले. रेडिओच्या गळ्यात तो आवाज अगदी तयार होता, जरासा जाड, शेवट ओढलेला. तिने ओठ दातांखाली दाबून धरले.

"हजर," मनी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

सरांनी खूण केली आणि ते पुढे आले.

"अठरा."

रेडिओला वेळ लागला. आपला आवाज नेमका कसा आहे, हे तिला क्षणभर आठवेना. सर घाई न करता तिच्यासमोर थांबले.