झाकण

एसीच्या जाळीतली एक पाती मोडलेली होती, आणि त्या फटीतून येणारी हवा ज्योत्स्नाच्या मनगटावर, नेमकी बांगडीच्या वर लागत होती – आता ती गार नव्हती. बडनेरा सुटल्यावर गार होती. मग गतिरोधकांवर कोमट झाली, रस्ता मोकळा मिळाला तशी पुन्हा गार, आणि आता ट्रकांच्या रांगेमागे गाडी रांगायला लागल्यापासून कुणीतरी तोंड जवळ आणून श्वास सोडावा तशी. तिने मनगट हलवलं नाही. हललं की देवमन बघतो, आणि बघितलं की विचारतो, आणि विचारलं की उत्तर द्यावं लागतं…

पळताना गार, थांबल्यावर गरम. म्हणजे गॅस गेलेला नाही. गॅस गेला असता तर पळतानाही गार लागली नसती. म्हणजे रेडिएटरपुढचा पंखा फिरत नाही. गाडी पळते तेव्हा वाराच त्याचं काम करतो, थांबली की कुणीच करत नाही. हे तिला बडनेऱ्यापासून कळलं होतं. गाडी तिच्या वडिलांची, मोतीरामांची. डोळ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी लेकीला दिलेली. तिच्यातच ती चालवायला शिकली, तिच्यातूनच शाळेत शिकवायला जायची, एकटीच. देवमन सोबत असला की मात्र स्टिअरिंग त्याचं. आजही त्याचंच. अकोल्याला त्याच्या भाच्याचा साखरपुडा होता, मामाने दुपारच्या आत पोचायला हवं होतं, आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे पुलाचं काम निघालं होतं.

देवमनने डॅशबोर्डवर मूठ हाणली. ही त्याची दुरुस्ती. होळीच्या सुमारास ब्लोअर अडला होता, तेव्हा त्याने असाच बुक्का मारला आणि ब्लोअर खरंच घरघरून सुरू झाला. ‘पाह्य, मार पडला का बराबर चालते,’ असं म्हणून तो तिच्याकडे बघून हसला होता, आणि तीही हसली होती – का हसले मी? हसू आलं नव्हतं. हसू मागितलं होतं, ते दिलं.

बुक्का पुन्हा बसला. हवा तशीच. काचेबाहेर मे महिन्याचं ऊन डांबरावर थरथरत होतं. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकला होता. तो तिच्या बाजूने तिरपा दिसायचा, म्हणून तिला आधी वाटलं की तिरपा म्हणूनच वर दिसतो. पण नाही. तो चढतच होता.

“अहो,” ती म्हणाली, “समोरचा पंखा फिरून नाही राह्यला. एसी बंद करा. इंजिनावर लोड येते.”

“तुले इचारलं काय?”

तिने बाहेर बघितलं. रस्त्याकडेला टरबुजांचं पाल होतं, एक म्हातारा पोत्यावर पाणी शिंपडत होता. पुढचा ट्रक हातभर सरकला, देवमनने गाडी दोन हात रेटली, करकचून ब्रेक मारला. त्याच्या मानेवरची शीर फुगली होती. त्या शिरेवरून तिला पुढचा तास वाचता यायचा. शेतकऱ्यांशी तासन्‌तास गोड बोलणारा, कृषी केंद्राच्या काउंटरवर कधी आवाज न चढवणारा हा माणूस घराच्या उंबऱ्यात चप्पल काढतानाच ती शीर फुगवायचा आणि ती भाजीचा गॅस बारीक करायची… काटा लाल पट्टीला टेकला.

आता बोलायला हवं होतं. बाबा म्हणायचे, गाडी तापली अन्‌ थांबता येत नसलं तर हीटर लाव, पूर्ण. इंजिनातली आग आपल्या अंगावर घे, इंजिन वाचते.

“हीटर लावा,” ती म्हणाली. “फुल्ल. थोडा वेळ. बाबा म्हनत का –”

चपराक उलट्या हाताची होती. अंगठी गालाच्या हाडावर लागली आणि डोकं खिडकीच्या काचेवर गेलं. आवाज काचेचा मोठा आला, गालाचा नाही. मग कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली आणि तिच्यापलीकडून देवमनचं बोलणं येऊ लागलं, पाण्याखालून यावं तसं – “हीटर? ह्या उन्हात हीटर? मजाक करून राह्यली मायी? बापाची गाडी हाय म्हून मलेच शिकवशीन?” – आणि शेजारच्या मोटारसायकलवरची एक बाई आत बघत होती, लगेच तिने पदर डोळ्यांवर ओढला. उन्हासाठीही असेल.

बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली तेव्हा ज्योत्स्नाला पहिल्यांदा बरं वाटलं. लाजच वाटावी इतकं बरं. गाडी तरी बोलली.

शिव्या देत देवमनने गाडी पालाजवळ, कडेच्या मुरुमावर घेतली. बॉनेट वर केलं. खाली सगळं सळसळत होतं. रबरी नळ्या टरारून फुगल्या होत्या, आणि रेडिएटरचं झाकण घट्ट, शांत. ती बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. देवमनने साखरपुड्यासाठी आणलेला नवा पंचा पिशवीतून ओढला, त्याची घडी केली, आणि तिला कळलं की तो काय करणार आहे.

आठवीचा वर्ग. फळ्यावर बंद भांडं, आत बाणच बाण. बंद भांड्यात दाब वाढतो, म्हणून पाणी शंभराच्या पुढे तापूनही उकळत नाही. दाब अचानक काढला तर काय होईल, कोण सांगेल? दरवर्षी विचारते मी. आणि त्याआधी, कितीतरी आधी, बाबांसोबत बाळापूरच्या रस्त्यावर – ती लहान, गाडी तापलेली, तिने कुतूहलाने त्या झाकणाकडे हात नेला आणि बाबांनी फाडकन तो उडवला होता. आयुष्यात एकदाच मारलं त्यांनी. मग तोच हात हातात धरून ते कितीतरी वेळ रस्त्याकडेला बसून राहिले होते, मारणारेच थरथरत होते…

उघडू नका. दोनच शब्द. ते घशातून वर आले, अगदी दातांपर्यंत आले, आणि तिथे थांबले. कुणी अडवले नाहीत. ते थांबले आणि ती त्यांना थांबू देत होती. देवमनने मान वर करून तिच्याकडे बघितलंसुद्धा. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा तर नक्कीच.

“काय पाहून राह्यली? पान्याची बाटली आन.”

ती वळली. मागच्या दाराकडे गेली – सांगितल्याप्रमाणे, सरळ, घाई न करता. दार उघडलं. बाटली सीटखाली गेली होती, ती वाकली. तिची बोटं बाटलीवर पोचली होती तेव्हा तो आवाज झाला, प्रेशर कुकरची शिट्टी फाटावी तसा, आणि त्या आवाजातूनच दुसरा निघाला, तो देवमनचा होता. तसा आवाज तिने त्याचा कधी ऐकला नव्हता. तो आपल्याच घशातून येतोय असं तिला क्षणभर वाटलं.

तो मुरुमावर लोळत होता. उजवा हात, छाती, मान, अर्धा चेहरा – शर्ट वाफाळत होता, कातडी पांढरट, मग लाल, मग डोळ्यांदेखत फुगत चाललेली. रेडिएटर अजून पाणी ओकत होता. पालावरचा म्हातारा पोतं टाकून धावत आला. “या अल्ला! झाकन खोल्लं काय यानं?” त्याचं नाव बद्रुद्दीन हे तिला पुढे कळलं. “थांबा, बर्फ हाय मायाकडे, बर्फ आनतो –”

“बर्फ नाही!” ज्योत्स्ना ओरडली. “साधं पाणी. माठातलं. ओतत राहा, थांबू नका.”

इतक्या स्पष्ट, इतक्या मोठ्या आवाजात की पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. होता की आवाज. घशातच होता, इतक्या जवळ. मगाशी कुठे गेला होता?

तिने शर्टाची बटणं काढली, चिकटलं तिथे ओढलं नाही, पाणी ओतलं, पुन्हा ओतलं. फोनवर रुग्णवाहिकेचा माणूस म्हणाला, गाडी निघते, पण पुलाच्या पलीकडूनच येईल ना ताई. बद्रुद्दीन म्हणाला, कालव्याच्या कडेनं कच्चा रस्ता हाय, तो मूर्तिजापुरात निंगतो. देवमन तिचं मनगट धरून होता, डाव्या हाताने, लहान मुलासारखं. ज्या हाताने मारलं तोच. तिने ते सोडवून घेतलं नाही. नळ्यांचा फुगारा उतरला, तशी तिने इंजिन चालू करून पाणी भरलं, हळूहळू, धार बारीक ठेवून. झाकण लावलं. बद्रुद्दीनने देवमनला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, ओल्या पंच्याने छाती झाकली. ती स्टिअरिंगवर बसली.

तिने एसी बंद केला. काचा खाली घेतल्या. आणि हीटरची मूठ फिरवली, निळ्याकडून लाल टोकापर्यंत.

जाळीतून भट्टीची हवा सुटली. देवमन किंचाळला.

“बंद कर… बंद कर नं, जळून राह्यलो मी…”

“नाही होत बंद. पंखा चालत नाही. इंजिन बसलं तर इथंच राहू.”

हे खरं होतं. शब्दन्‌शब्द खरं होतं. काटा लाल पट्टीखाली आला होता, तिथेच टिकवायचा होता, आणि दुसरा उपाय नव्हता. त्याच्या बाजूच्या जाळ्या तिने हात लांबवून बंद केल्या, सगळी आग आपल्या अंगावर वळवली. तरी मोडक्या पातीच्या फटीतून ती त्याच्यापर्यंत जायचीच. कालव्याच्या खड्ड्यांत गाडी आदळली की तो ओरडायचा. बाभळी सरकत होत्या, लू आत घुसत होती, तिचे पाय भाजत होते, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक थंड, स्वच्छ जागा होती जिथून ती त्याचं ओरडणं ऐकत होती. मी हीटर लावला तो गाडीसाठी. गाडीसाठीच ना? त्याला वाचवायलाच ना? हो. हो… मग तो ओरडल्यावर माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला का जात नाही, आणि ऐकायला कान असे टवकारलेले का?

“ज्योत्स्ना,” तो कण्हला. “माये… मारू नको मले.”

मारू नको. कुणाला म्हणाला? तिला, की ग्लानीत आईला? त्याचा बाप बैलाच्या तुतारीने, टोचायच्या काठीने मारायचा, हे सासूने एकदा सांगितलं होतं, भाकरी थापताना, सहज. ज्योत्स्नाने गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली.

मूर्तिजापूरच्या सरकारी दवाखान्यात त्याला आत नेलं. ती बाहेर बाकावर बसली, तर अंगातली आग जाईना. भिंतीला पाठ टेकली, भिंतही गरम. बऱ्याच वेळाने तिला आत बोलावलं. डोळा वाचला, तरुण डॉक्टरीणबाई म्हणाली. हात आणि छाती जास्त आहे, मलम-पट्टी करून अकोल्याला पाठवावं लागेल. कागद भरता भरता तिने विचारलं, हे झालं कसं?

देवमनचे ओठ सुजले होते. तरी तो बोलला, जड जिभेने.

“हिनं सांगतलं होतं. झाकन उघडू नका म्हून… लई सांगतलं. मीच आयकलं नाही.”

ज्योत्स्नाने त्याच्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं. ती काहीतरी सांगत असणार आणि आपण ऐकत नसणार, हे इतकं नेहमीचं, की ती गप्प होती हे त्याला ऐकूच आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईने मान वर केली. तिची नजर ज्योत्स्नाच्या गालावर थांबली, अंगठीच्या वळावर. “आणि ताई, हे? तुम्हाला कशानं लागलं?”

उत्तर तयार असायचं. दाराची कड, बाथरूमची फरशी, मुलांनी फेकलेला चेंडू. शाळेतल्या बायकांना पुरवून पुरवून गुळगुळीत झालेली उत्तरं. ती आज हाताला लागेनात. त्यांच्या जागी एकच होतं – यांनी मारलं. आणि ते उचलायला गेलं की त्याच्या मुळाशी गुंतलेलं दुसरं वर यायला बघत होतं – आणि मी बोलले नाही. एकाला हात घातला की दुसरं हलायचं. देवमन पट्ट्यांतून एका डोळ्याने तिच्याकडे बघत होता, आणि तिने पाहिलं, त्या डोळ्यात भीती होती. तिच्या तोंडाची भीती. आजवर ती गप्प राहिली ती त्याच्या धाकाने, ते गप्प राहणं त्याचंच होतं, त्याच्या अंगठीसारखं, त्याच्या मुठीसारखं. रस्त्यावर, झाकणापुढे गप्प राहणं तेवढं तिचं होतं. ते कुणी तिच्याकडून घेतलं नव्हतं, ते तिने दिलं होतं, आणि त्याचं वजन तिला आता हाताला लागत होतं. लाज वाटली नाही. आनंदही नाही. फक्त आपल्यात एवढं काही होतं, याचं भय वाटलं, आणि त्या भयात, कधी नव्हे ते, देवमन कुठेच नव्हता.

“ताई?” डॉक्टरीणबाई म्हणाली.

“सांगते,” ज्योत्स्ना म्हणाली, आणि शब्द दातांपर्यंत आले.