त्याला शर्यत म्हणू नका

मित्रांनो, मी हुडकेश्वरच्या एका अंगणात उभी असलेली जुनी लाल गाडी आहे. माझी कीव करू नका. मला राग आला आहे, तेवढा ऐकून घ्या.

माझं बॉनेट वाकलेलं आहे, एक दिवा फुटलेला आहे. याच रूपात माझा फोटो पेपरात आला होता. खाली छापलं होतं, ‘रेसिंगच्या नादात वृद्धा जखमी’. पत्रा वाकताना झालं नाही एवढं दुःख मला त्या ओळीने झालं. रेसिंग काय असतं, ते मला ठाऊक आहे.

अरुंधतीने मला जुनीच विकत घेतली. ती रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. सुटीच्या दिवशी ती मला कळमेश्वरजवळच्या मुरमाड मैदानावर न्यायची. तिथे ऑटोक्रॉस व्हायचं. नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखलेली असे. एका वेळी एकच गाडी सोडायचे आणि घड्याळ लावायचे. शंकूला नुसता धक्का लागला तरी वेळेत सेकंद वाढत. सुरुवातीला अरुंधती शंकू पाडतच सुटायची. मग ती शिकली. वळणाआधी वेग कमी करणारा वळणानंतर पुढे असतो, हे आम्ही दोघी त्या धुळीत शिकलो.

पारशिवनीकडची रॅली वेगळी. तिथे रस्ता गावकऱ्यांचा, आम्ही पाहुण्या. ठरवून दिलेल्या बेताच्या वेगाने, ठरल्या वेळी वाटेतल्या तपासणी-नाक्यावर पोचायचं. शेजारी काजल, अरुंधतीची मैत्रीण, रस्ता वाचायला बसायची.

“अवं, धीरे घे ना,” ती म्हणायची. “लवकर पोचलं तरी गुण कापते ते लोकं.”

एकदा बैलगाडी आडवी आली. आम्ही थांबलो, वेळ गेला, नंबरही गेला. कोणी कुरकुरलं नाही.

ड्रॅग रेस आम्ही एकदाच केली. बंद पडलेल्या धावपट्टीवर दोन गाड्या शेजारी, सरळ रेषेत, जोर लावून. मी सपाटून हरले. अरुंधती हेल्मेट काढून पोट धरून हसली. पलीकडे रुग्णवाहिका उभीच होती.

खेळ निरनिराळे, पण प्रत्येक ठिकाणी हातात झेंडा घेतलेला एक माणूस असायचा. त्याने झेंडा हलवला की थांबायचं. वाद नाही.

अरुंधतीचा मावसभाऊ दुर्गेश कॉलेजसाठी तिच्या घरी राहायला आला. ती त्याला मैदानावर घेऊन गेली. त्याने तोंड वाकडं केलं.

“ताई, इथं तं एकटीच गाडी पळून राहिली. याले का रेस म्हणते?”

“एकटं असलं की चूक दुसऱ्यावर ढकलता येत नाही,” ती म्हणाली. “म्हणूनच म्हणते.”

त्याला ते पटलं नाही. अरुंधतीची सकाळची पाळी होती, त्या दिवशी त्याने माझी किल्ली उचलली. नव्या सिमेंट रस्त्यावर त्याच्या मित्राची गाडी तयारच होती. मित्राचा एक हात खिडकीबाहेर, त्यात मोबाईल, चित्रण चालू. हेल्मेट माझ्या मागच्या सीटवर घरंगळत होतं. रस्त्यावर झेंडा घेतलेलं कोणी नव्हतं.

यमुताई देवळासमोर हार विकतात. फुलांची टोपली घेऊन त्या रस्ता ओलांडत होत्या. मला त्या दिसल्या. दुर्गेशला दिसल्या नाहीत, कारण मित्र किती मागे राहिला हे तो आरशात बघत होता. माझे ब्रेक शाबूत होते, मित्रांनो. त्याने ते दाबलेच उशिरा.

मित्राची गाडी थांबलीसुद्धा नाही; त्याचं चित्रण मात्र पुढे मोबाईलवरून सगळीकडे फिरलं. दूध केंद्रावरच्या लोकांनी यमुताईंना ऑटोत घातलं. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

अरुंधती दुर्गेशला मनगटाला धरून दवाखान्यात घेऊन गेली. तिथे काय झालं, ते तिने नंतर काजलला सांगितलं. त्याने मान खाली घालून माफी मागितली.

“तुले कोनाच्या पुढे जाचं होतं गा?” यमुताईंनी विचारलं. “पुढं तं मीच होती.”

त्याच्यावर खटला चालू आहे.

मी पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हात पडून राहिले, मग अरुंधतीने मला सोडवून तिच्या या अंगणात आणलं. मधल्या काळात कळमेश्वरच्या स्पर्धेला परवानगी नाकारली गेली. रेसिंगमुळे अपघात होतात, असं कारण दिलं. ज्या मैदानावर शंकू पडला तरी शिक्षा होती, ते मैदान बंद झालं. तो सिमेंट रस्ता मात्र उघडाच आहे. पहाटे मला अजून तिथले टायर ऐकू येतात आणि माझा संताप होतो.

परवा एक पोरगा फाटकातून आत आला. त्याने माझ्या वाकलेल्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढला.

“ताई, हेच का ते व्हिडिओवाली गाडी? किती स्पीड होती वं?”

अरुंधतीने त्याचा हात बॉनेटवरून बाजूला केला.

“त्या गल्लीत तिसरं घर यमुताईचं आहे,” ती म्हणाली. “जाय, तिले विचार.”

पोरगा गेला नाही. गल्लीकडे बघत तिथेच उभा राहिला.

मित्रांनो, वेग आवडत असेल तर जरूर शिका. पण जिथे तुम्हाला थांबवायला कोणी उभं नाही, तिथे माझ्यासारखीला नेऊ नका. आम्हा गाड्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.